मेळ्यातली पहिली प्लेट

राळेगावात माझी नोकरी अकरा वर्षं झाली आणि त्यातले आठ उन्हाळे मी नगराळे सरांच्या मागे पाण्याची बादली घेऊन हिंडलो. मी मराठीचा शिक्षक. आमच्या घरात आजोबांपासून सगळे कचेरीत खुर्चीवर बसणारे. वडिलांना हे बादलीचं प्रकरण कळलं तेव्हा यवतमाळहून त्यांचं पत्र आलं, 'तुला तिथे नक्की कशासाठी नेमलं आहे?' मी उत्तर पाठवलं नाही, कारण मलाही ते धड सांगता आलं नसतं.

परीक्षा आटोपल्या की वैशाखात आमच्या शाळेच्या मैदानावर तीन दिवस संगीत मेळा भरायचा. खंजेरीची भजनं, भीमगीतांच्या पार्ट्या, कव्वाली, आणि एखाद्या वर्षी नागपूरहून आणलेले शास्त्रीय गायक. ते डोळे मिटून आलाप घ्यायला लागले की निम्मं मैदान उठून पाटवडीच्या दुकानाकडे चालू लागायचं. खरं सांगायचं तर अर्धे लोक खायलाच यायचे. तर्रीपोहे, सांबारवडी, पाटवडी रस्सा, माठावर भाजलेल्या रुमालाएवढ्या पोळ्या, पन्हं, मठ्ठा, कुल्फी. गाणं सहाला सुरू व्हायचं आणि दुकानं पाचला उघडायची. त्याआधी, भर उन्हात साडेचारला, नगराळे सर निघायचे.

सर आमच्याच शाळेत विज्ञान शिकवत. अंगानं काडी, उंचीनं बेताचे, बाराही महिने पांढरा बुशशर्ट. खिशात पेन, थर्मामीटर आणि रुमालात गुंडाळलेला घरचा चमचा. कोणी काहीही म्हणालं की ते विचारायचे, "कशावरून?" मुख्याध्यापक म्हणाले, आज फार तापलंय, की सर म्हणणार, "कशावरून?" आणि खिशातून थर्मामीटर काढणार. मुलं त्यांना मागून 'कशावरून सर' म्हणत. सरांना ते माहीत होतं. एकदा वर्गात एकानं चुकून तोंडावर म्हटलं, तर सरांनी त्यालाही विचारलं, "मले असं म्हणतात? कशावरून?"

ही चाखण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली ती त्यांच्या पोटामुळे. मेळ्याच्या दुसऱ्या वर्षी कोणाची तरी बासुंदी नासलेली निघाली आणि पोरं धडाधड आजारी पडली. पण सगळ्यात आधी उलटी झाली ती सरांना. तशाच अवस्थेत त्यांनी सायकलच्या कॅरिअरवर बसवून एकेक पोर दवाखान्यात पोचवलं. मग मेळ्याच्या कमिटीनं ठरवलं की तालुक्यातलं सगळ्यात नाजूक पोट आपल्याकडे आहे, तर त्याचा उपयोग करून घ्यावा. प्रत्येक दुकानाची पहिली प्लेट नगराळे सरांना. त्यांनी हो म्हटल्याशिवाय पडदा वर करायचा नाही. आणि त्यांनी नाही म्हटलं तर ते भांडं सगळ्यांच्या देखत शाळेच्या भिंतीमागच्या खड्ड्यात ओतायचं, म्हणजे मागल्या दारानं कोणी विकायला नको.

सर पहिल्या प्लेटचे पैसे देत. कोणी घेईना तर प्लेट परत ठेवत. उभ्यानं खात, तिसऱ्या घासाला थांबत, आणि मग तीनपैकी एक गोष्ट होई. "चालू करा" म्हणाले की दुकानदार सुटला. "अर्ध्या तासानं येतो" म्हणाले की मीठ, तेल, झाकण, बर्फ, काहीतरी सुधारण्यासारखं आहे. आणि काही न बोलता त्यांनी चमचा पालथा घातला की खड्डा. मग चमचा माझ्या बादलीत विसळायचा आणि पुढचं दुकान.

एका वर्षी बाजारातले एक जुने मिठाईवाले रबडी घेऊन आले. आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी एका वाटीत थोडी रबडी आधीच बाजूला काढून ठेवली होती, आणि ती वाटी जमिनीवर होती. कढई वर, भट्टीवर. सरांचं घर बौद्ध दीक्षा घेतलेलं. त्यांचे वडील त्याच बाजारात हमाली करत, आणि या शेटजींच्याच दुकानात त्यांचा चहाचा कप बाहेर खिळ्याला टांगलेला असे. हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की सर त्या वाटीकडे बघत उभे राहिले आणि आजूबाजूचे सगळे एकदम आपापल्या पायांकडे बघू लागले. मीसुद्धा.

"शेटजी," सर म्हणाले, "कढईतलं द्या. लोकं जे खातीन थेच मले पाह्यजे."

शेटजींनी इकडेतिकडे पाहिलं. सर हललेच नाहीत. शेवटी शेटजींनी कढईत डाव बुडवला आणि सरांच्या ताटलीत रबडी वाढली. सरांनी तीन घास अगदी सावकाश खाल्ले. मला वाटलं, आता चमचा पालथा पडणार, आणि खोटं कशाला बोलू, मला तो पडायला हवा होता.

"चालू करा," सर म्हणाले. "वेलदोडा जरा जास्त झाला, पन चालते."

वाटेत मी त्यांच्यावर चिडलो. म्हणालो, सर, तुमच्या जागी मी असतो तर ओतायला लावली असती. ते म्हणाले, "काहून? रबडी चांगली होती ना, बावा." मग दोन दुकानं गेल्यावर स्वतःशीच म्हणाले, "लयच चांगली होती."

ती वर्षं कापसाची वाईट होती. बोंडअळीनं शेतं पोखरली, जे घरात आलं त्याला भाव नव्हता, जिनिंग एकामागून एक बंद पडत होत्या. आमच्या जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रात रोज येत होतं आणि ते वाचायची इच्छा होत नसे. मेळ्यात त्याचा परिणाम असा दिसला की दुकानं वाढत गेली. ज्यांनी जन्मात कधी चार लोकांसाठी रांधलं नव्हतं ते कढया घेऊन येऊ लागले. सरांना हे कळत होतं. मेळ्याच्या महिनाभर आधीपासून ते सायकलवर घरोघर जात आणि पाणी किती उकळायचं, बर्फ कुठला घ्यायचा, दही कशानं झाकायचं ते शिकवत. खड्ड्यात काही ओतायची वेळ येऊ नये म्हणून त्यांची सगळी धडपड असे.

अशांतले एक रफिकभाई. जिनिंगमधले हमाल, जिनिंगला कुलूप लागलेलं. त्यांनी एकदम मंच्युरियनची गाडी लावली. लालभडक गोळे, वर सॉसची बाटली. सरांनी एक गोळा खाल्ला आणि बराच वेळ चावत राहिले.

"रफिकभाई, हे कसं लागाले पाह्यजे?"

"क्या मालूम, सर. मैंने तो कभी खायाच नहीं."

"मग काहून बनवलं?"

"लोकं म्हनतात, आजकाल हेच चालते."

"घरी भाभी काय बनवते?"

"दालचा. लेकिन वो कौन खायेगा, सर?"

सरांनी तो सॉस तेवढा बाजूला ठेवायला लावून गाडी चालू करून दिली. पुढच्या वर्षी रफिकभाई दालच्याचं पातेलं घेऊन आले, आणि त्यांच्या गाडीपुढे अशी गर्दी झाली की कव्वालांनी मंचावरून विनंती केली, जरा इकडेही बघा म्हणून.

हे सगळं मी सांगतो आहे कारण सरांना विचारता येत होतं. रफिकभाईंना त्यांनी विचारलं. मैनाबाईला विचारलं नाही.

त्या वर्षी झरी जामणीकडची ढेमसा नाचणारी पार्टी बोलावली होती. आठ-दहा कोलाम आदिवासी बायका-पुरुष, ढोल आणि बासरी. त्यांच्यात ढोल वाजवणाऱ्या टेकामांची बायको मैनाबाई होती. चाळिशीची, कमी बोलणारी, हिरव्या लुगड्यातली. मला एक कोपरा द्या, रांधून विकते, म्हणाली. मीच जागा दिली. तिनं तीन दगडांची चूल मांडली आणि मोठ्या भगुण्यात भाजी शिजवली. बाजूला ज्वारीच्या भाकरी.

आम्ही जवळ गेलो तेव्हा वास आला. आंबूस, उग्र, ओल्या गोणपाटासारखा. माझं नाक आपोआप वळलं. सरांनी चमचाभर घेतलं, जिभेवर ठेवलं आणि त्यांचा चेहरा बदलला. मला वाटतं, त्यांना ती बासुंदी आठवली असावी. दुसरा घास त्यांनी घेतलाच नाही. चमचा पालथा घातला.

मैनाबाईला त्याचा अर्थ माहीत नव्हता. ती भाकर पुढे करत राहिली. तेव्हा सांगायचं काम माझ्यावर आलं. मी म्हणालो, "बाई, हे खराब झालंय, हे ओतावं लागेल." ती माझ्याकडे बघत राहिली. मग नवऱ्याशी कोलामीत काहीतरी बोलली. त्यानं मान खाली घातली. कमिटीचे दोघं जण भगुणं उचलून भिंतीमागे घेऊन गेले आणि तीही त्यांच्या मागोमाग गेली. भगुणं तिचं होतं, ते तिला परत हवं होतं. तिनं ते स्वतः विसळलं, माझ्याच बादलीतल्या पाण्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि सर शाळेत गेलो. पार्टीचा मुक्काम तिथेच एका वर्गात होता. व्हरांड्यात सगळे जेवायला बसले होते आणि तोच वास येत होता. दगडाच्या चुलीवर छोट्या पातेल्यात तीच भाजी. सर धावलेच.

"खाऊ नका! अहो, खराब हाये ते!"

टेकाम म्हणाले, "मास्तर, हे तसंच असते."

मैनाबाई उठली. आत जाऊन फडक्याची एक पुरचुंडी घेऊन आली आणि सरांपुढे सोडली. आत पिवळसर, वाळलेल्या चकत्या होत्या. वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पावसाळ्यात रानातून आणायचे, चिरून आंबवायचे, उन्हात वाळवायचे आणि वर्षभर पुरवून खायचे. सरांनी एक चकती उचलून नाकाशी नेली. कोरडी, खणखणीत, कुठे बुरशीचा ठिपका नाही, आणि वास तोच. त्यांनी ती तोंडात टाकली. पूर्ण चावून खाल्ली.

"काल ओतलं थे किती दिवसाचं होतं?" त्यांनी विचारलं.

"पावसापर्यंतचं," मैनाबाई म्हणाली. "सगयं आनलं होतं. एवढं राह्यलं, वाटेसाठी."

सर पायरीवर बसले. कोरडवाहू रानातल्या माणसांचं पावसापर्यंतचं कालवण आम्ही खड्ड्यात ओतलं होतं. त्यांनी पुरचुंडीतल्या चकत्या बोटानं मोजून पाहिल्या. मग म्हणाले, "बाई, तुमी काल बोलल्या काहून नाई?"

"तुमी इचारलं कुठी?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. पुरचुंडी बांधली आणि आत घेऊन गेली.

संध्याकाळी ढेमसा सुरू होण्याआधी सर मंचावर चढले. माइकचं आणि त्यांचं कधीच जमलं नव्हतं. आधी माइक कोकलला, मग सर म्हणाले, "काल मी एक भांडं ओताले लावलं. त्यातलं अन्न चांगलं होतं. मले त्याची चव माहीत नव्हती, म्हणून मी त्याले खराब म्हटलं. चूक माझी आहे." लोकांना नीट कळलं नाही. काही हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या, मागून कोणी ओरडलं, "सर, गानं होऊ द्या!" मैनाबाई मंचामागे बायकांच्या कमरेला हात घालून रांगेत उभी होती. तिनं ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही.

मेळा उरकला तरी सरांच्या डोक्यातून ते भगुणं जाईना. मी समजूत घालायला गेलो. म्हणालो, तो वास कोणालाही नासल्याचाच वाटला असता. ते माझ्यावर उखडले. "वास आला म्हणून तोंड फिरवाचं. इचाराचं नाई. लांबूनच ठरवाचं. पत्की, हे मी कोनापासून शिकलो? हे तर माह्या बापासंग झालं होतं ना!" मी ज्या घरातून आलो होतो त्या घरात असले प्रश्न कोणी विचारत नसे.

श्रावणात एका रविवारी ते मला घेऊन निघाले. राळेगावहून एसटीनं पांढरकवडा, तिथून झरीची गाडी, आणि मग चिखलातून तासभर पायी. कोलामांच्या वस्तीला तिकडे पोड म्हणतात. वीस-पंचवीस घरांचं पोड, कुडाच्या भिंती. मैनाबाई अंगणात वास्ते चिरत बसली होती. आम्हाला पाहून तिला आश्चर्य वाटलं असेल तर तिनं दाखवलं नाही. टेकामांनी खाट टाकली.

सर खाटेवर बसले नाहीत. तिच्यापुढे जमिनीवर बसले आणि वर्गातल्या पोरासारखे विचारत सुटले. किती दिवस आंबवता? पाणी बदलता का? बिघडलेलं कसं ओळखता? ती आधी एकेका शब्दात सांगत होती. मग तिला मजा यायला लागली. एक चकती उचलून म्हणाली, "हे पाहा, बोटाले चिकट लागलं का टाकून द्याचं. वास कितीबी येऊ दे, चिकट नाई पाह्यजे." सरांनी बोटानं चाचपून पाहिलं. मग जेवण झालं. माझ्या घशाखाली ते पहिल्यांदा मुश्किलीनं उतरलं, हे कबूल करतो. सरांनी दोनदा मागून घेतलं, आणि तालुक्यातल्या त्या नाजूक पोटाला काहीही झालं नाही.

निघताना सर म्हणाले, "पुढल्या साली मेळ्यात या, बाई."

"पुन्हा ओतान."

"नाई ओतनार."

"तुमी चाखान आन् मंग सांगान. मले नाई पाह्यजे." ती विळा बाजूला ठेवून म्हणाली, "मी रांधते, मीच चाखते. चालन तर येते."

कमिटीनं मोठ्या थाटात केलेला नियम सरांनी तिथे त्या अंगणात एका शब्दात मोडला. "चालन," ते म्हणाले.

पुढच्या वैशाखापर्यंत सरांची प्रकृती पार उतरली. शेवटी पोटानंच दगा दिला. सेवाग्रामच्या दवाखान्यात खेपा चालू होत्या. मेळ्याचं चाखणं त्यांनी रफिकभाईंकडे सोपवलं, सोबत एकच सूचना देऊन: आधी बनवणाऱ्याला विचारायचं, हे कसं लागायला पाहिजे, आणि मग तोंडात घालायचं. स्वतः ते मैदानाच्या कडेला, कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसत. मैनाबाई आली होती. त्याच कोपऱ्यात, त्याच भगुण्यासह.

मला वाटलं, सर आता तिच्यासाठी शब्द टाकतील. त्यांनी नुसतं 'खाऊन पाहा' म्हटलं असतं तरी रांग लागली असती. पण ते त्या बाजूला फिरकलेच नाहीत. "मी सांगीन तर लोकं माह्या तोंडाकडे पाहून खातीन," म्हणाले. "तिच्या भाजीसाठी खाल्लं पाह्यजे." मात्र दर अर्ध्या तासानं मला पाठवत. "पाहून ये, भगुन्यात किती राह्यलं." पहिल्या दिवशी जवळजवळ भरलेलंच होतं. लोक जवळ येत, वास घेत आणि पुढे जात. मी येऊन सांगायचो, आणि सर माझ्याकडे न बघता मान हलवायचे. मी एकदा खोटंच सांगितलं, अर्धं संपलं म्हणून. त्यांनी विचारलं, "कशावरून?" आणि मी पकडला गेलो. दुसऱ्या दिवशी लाकूडतोडीच्या कामावर आलेली चार माणसं बसून पोटभर जेवली. त्यांना बघून आणखी दोघं बसले. संध्याकाळी खरोखरच अर्धं भगुणं उतरलं होतं.

त्या दिवाळीच्या आधीच सर गेले. मी सुट्टीवर यवतमाळला होतो, मला उशिरा कळलं. मेळ्यानंतरही आमच्या भेटी झाल्या, पण घरात, खाटेवर. ते सर मला आठवत नाहीत. मला आठवतो तो मेळ्याचा तिसरा दिवस.

साडेपाच वाजले होते. मी त्या कोपऱ्यात गेलो आणि पळतच परत आलो. "सर, रांग आहे! दहा-बारा जण आहेत!" सर खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. माझा हात धरला नाही. ताटली घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. पुढच्या लोकांनी ओळखलं. "सर, तुमी पुढं या ना, पहिली प्लेट तर तुमचीच असते."

"मी आज गिऱ्हाईक हाये," सर म्हणाले. "रांगेत येतो."

ऊन अजून उतरलं नव्हतं. बुशशर्ट त्यांच्या अंगावर लोंबत होता आणि मी शेजारी उभा राहून मनातल्या मनात रांगेतल्या प्रत्येकाला शिव्या देत होतो, की किती वाढून घ्याल. मैनाबाई मान वर न करता डावानं वाढत होती. सरांच्या पुढे पोत्याचा भार उतरवून आलेला एक हमाल होता. त्याच्या ताटलीत तिनं भगुणं तिरपं करून, खरवडून घातलं. मग वर पाहिलं, तर पुढे सर.

तिनं भगुणं त्यांच्याकडे कलतं करून तळ दाखवला. "सरलं, मास्तर."

"सगयं?"

"सगयं. तिन्ही दिवसासाठी आनलेलं."

सरांनी वाकून आत पाहिलं. अगदी नीट, प्रयोगशाळेत पाहत तसं. मैनाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली होती. सर रिकामी ताटली घेऊन माझ्याकडे वळले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पत्की, मले नाई भेटलं!"

इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.